भाकऱ्या त्यांनी भाजाव्यात, करपल्या हे आपण सांगावं

शनिवार, नारायण, सदाशिव, पुण्याच्या कुठल्याही पेठेत तुमचं बिऱ्हाड असो, आसपास एखादा नागरिक मंच असतोच. चार निवृत्त माणसं, दोन नोकरदार बायका आणि 'तुला कॉम्प्युटर येतो ना' म्हणून धरून आणलेला एक पोरगा. ही मंडळी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. त्यांच्याशी कसं वागावं, याचे काही दंडक आहेत.

गणपतीत मंडळाची पोरं दाराशी आली की निमूट पाकीट काढावं. ती हिशेब विचारायची वेळ नव्हे. मंचाने मात्र वर्षाचे शंभर रुपये मागितले की चष्मा पुसून ताळेबंद मागावा. नोंदणीकृत संस्थेला हिशेब तपासून घ्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि त्यासाठी खजिनदारबाई आपली रजा खर्ची घालतात. हे ठाऊक असलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नये. 'पैशांचं करता काय तुम्ही लोक?' हे जिन्यातच विचारावं. दोन मजले ऐकू जातं.

डिसेंबरच्या ११ तारखेला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. तिथे मधोमध उभं राहून नातवासोबत फोटो काढावा आणि 'असं रोज हवं' म्हणून उसासा टाकावा. १२ तारखेला चक्का आणायला जाताना स्कूटर फुटपाथवर चढवावी. पाचच मिनिटांचं तर काम असतं! घरी आल्यावर मंचाच्या ग्रुपवर लिहावं, 'फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. मंच झोपलाय का?'

महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवायची सोय पुणेकरांना २००६-०७ पासून आहे. मंचाची माणसं त्याचे कोरे अर्ज घरपोच आणून देतात. तो अर्ज फ्रीजवर ठेवावा, वर दुधाचं कार्ड ठेवावं. मुदत उलटली की बाक, दिवा आणि गटाराचं झाकण अशी तिहेरी मागणी करावी. अर्थात तोंडी.

सह्यांच्या बाबतीत फारच सावध राहावं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा नियम २००० सालापासून आहे, आणि स्पीकरच्या भिंतीने आपल्याच खिडकीच्या काचा थरथरत असतात. तरी तक्रारअर्ज समोर आला की म्हणावं, 'पोरं ओळखीची आहेत हो, माझं नाव नको.' मग सचिव एकट्याच्या सहीने अर्ज देतात. ते मंडळाला कळलं की चौकात सगळ्यात आधी आपणच म्हणावं, 'उत्सवच सहन होत नाही या लोकांना.' नंतर स्पीकर खरोखरच दहाला बंद झाला तर शांत झोपावं. त्याला कुणाची हरकत नसते.

नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासकाच्या घरी काही जाता येत नाही, म्हणून पाणी आलं नाही की रात्री साडेअकराला मंचाच्या सचिवांना उठवायची सवय आपल्याला लागली. नगरसेवक निवडून आले म्हणून ती मोडू नये. ते कुठे फोन उचलतात?

बैठकीला जाऊच नये. गेलात तर उशिरा जावं, विषयपत्रिकेत नसलेला विषय काढावा आणि सतरंज्या उचलायची वेळ आली की 'गुडघे' एवढाच शब्द उच्चारून निघावं.

इतकं सगळं नीट पाळलंत, तर कधी ना कधी सचिव राजीनामा देतील आणि नवा सचिव निवडायला बैठक बोलावली जाईल. तिला मात्र वेळेआधी जा, पुढच्या रांगेत बसा. अशा बैठकीत गैरहजर माणूसच एकमताने निवडून येतो.