पट्टा, चिरे आणि ठेकेदाराची बाजू : केप्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कंबर धरली तरी अंथरूण धरू नका, कंबरेच्या पट्ट्यावर भिस्त ठेवू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, ही ठेकेदाराची भाषा झाली. तुमच्या एमआरआयमध्ये ‘मणक्यात गॅप’ निघालाय, पट्टा बांधूनच तुम्ही चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे, उचलता, आणि माझं ऐकून उद्या कोणी कायमचा बसला तर जबाबदार कोण?

ठेकेदाराचं आधी, कारण तेच झोंबलं. हिंडतं-फिरतं राहा म्हणजे त्याच ओझ्याखाली पुन्हा वाका, असा अर्थ होत नाही. उसण भरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगून अमेरिकेत पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष 1986 साली छापून आले. दुखणं दोघांचं सारखंच उतरलं, फक्त दोन दिवसवाल्यांचे रोज कमी बुडाले. रोजंदारीवर जगणाऱ्याला यातलं काय परवडतं ते तुम्हीच सांगा. त्या आठवड्यात दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी) भरा, ओळंबा धरा, चाळण मारा. चिरा उचलायला दुसरा माणूस मागा. हे मागणं ठेकेदाराला आवडत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

एमआरआयला घाबरू नका. ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशांचे मणके तपासले, तर विशीतल्या 30 टक्के आणि चाळिशीतल्या 50 टक्के लोकांची दोन मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते. केस पिकावेत तसंच आहे ते. रिपोर्टवरून कंबर किती सोसेल ते ठरत नाही.

पट्ट्याबद्दल म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात नेहमीच्या उपचारात पट्टा देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. व्यायामाला मात्र पाठिंबा आहे. तुम्हाला पट्ट्याने धीर येतो तर बांधा, माझं काही जात नाही. पण पट्टा बांधलाय म्हणून एक चिरा जास्त उचलू नका.

आता खरी गोष्ट. आपण वाकायचं कसं यावर तास घालवतो, आणि चिरे रचायचे कुठे याचा विचार कोणी करत नाही. नायॉश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था. तिचा हिशोब असा: वजन अंगाजवळ, कमरेच्या सुमारास, न वळता उचलायचं, तरीही 23 किलोपर्यंतच. तेच वजन घोट्यापासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे गेलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. आपला चिरा तीसेक किलोचा, पावसात भिजला की त्याहून जड, आणि ट्रकवाला तो टाकून जातो जमिनीवर, तोही भिंतीपासून लांब. सिमेंटची गोणी तर 50 किलोची. यात ‘गुडघे वाकवून उचला’ हा सल्ला कितीसा पुरणार?

म्हणून मी आमच्या साइटवर एवढंच करून घेतो. चिरे उतरवतानाच दोन रिकाम्या पिंपांवर फळी टाकून मांडीच्या उंचीला रचायचे, वर ताडपत्री. परांची एकदम न चढवता दोन थरांमागे वर घ्यायची. गोणी दोघांनी. चिरा हातात असताना कमरेतून वळायचं नाही, पाय फिरवायचे. आणि सकाळचा पहिला तास दोरी बांधण्यात, माल कालवण्यात घालवायचा. रात्रभर आडवं पडल्यावर चकत्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की ताण जास्त बसतो. मुकादम सुरुवातीला कुरकुरतो. मे महिन्यात, पावसाआधी स्लॅब टाकायची घाई असते तेव्हा तर फार. पण गवंडी आठवडाभर घरी बसला की तोही हिशोब शिकतो.

एक राहिलं. दुपारी उपाशीपोटी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणि संध्याकाळी फेणी, हा कार्यक्रम आपल्या कित्येकांचा आहे. यातून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलात तर मूत्रपिंडावर येतं. गोळी डॉक्टरला विचारून, जेवून, थोडे दिवसच घ्या.

तुम्ही पाय बधिर होतो असंही ओझरतं लिहिलंय. मांडीपर्यंत मुंग्या येत असतील तर या आठवड्यात दाखवून घ्या. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेची जाणीव गेली, पाऊल उचलता येईना, तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जा. तिथे उशीर चालत नाही, आणि माझा लेखही उपयोगाचा नाही. मुकादम फळी देत नसेल तर मला लिहा, पिंपांवरची रचना फोटो काढून पाठवतो.