‘टीम ओळखायची सहा सूत्रं’ पुढे पाठवण्याआधी

तो मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी नेहमीसारखा अंगठ्याने वर सरकवून दिला. ‘नव्या सीझनआधी फुटबॉल टीमचं टॅलेंट ओळखायची ६ सूत्रं! युरोपातले स्काउट हीच वापरतात!!’ स्काउट म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारी माणसं. जुलैत ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या, बातम्या सुरू झाल्या की असलं काहीतरी फिरतंच. दुसऱ्यांदा तो रविवारी मिसळीच्या टेबलावर आला. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मित्राने तो मोठ्याने वाचला आणि लगेच आपापल्या क्लबांच्या बेरजा सुरू झाल्या. तेव्हाही मी तर्रीकडे लक्ष दिलं.

तिसऱ्यांदा तो दिंडोरीला ताईच्या घरी भेटला, दाराच्या चौकटीवर.

भाचा तेरा वर्षांचा आहे. आठवड्यातून तीनदा गंगापूर रोडच्या टर्फवर खेळायला येतो. चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात तारीख. वरच्या पाच-सहा खुणा एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या, कारण दोन दिवसांत कोणी वाढत नसतं. त्यांच्या बरंच वर, ५ फूट ५ इंचांवर, लाल पेनाने आडवी रेघ. म्हटलं, ही काय रे? म्हणाला, “कटऑफ आहे मामा.” दाजींनी कौतुकाने तोच मेसेज त्याला पाठवला होता. पोरगं आज ४ फूट ११ इंच आहे. “दिवाळीपर्यंत नाही पोचलो तर सोडून देतो. पप्पांचे पैसे तरी वाचतील.”

म्हणून हे लिहितोय. ज्यांनी मेसेज वाचला नाही त्यांच्यासाठी सहा सूत्रं अशी: एक, ट्रान्सफरवर सगळ्यात जास्त पैसा ओतणारी टीम जिंकते. दोन, अकरा जणांच्या ‘अधिकृत फिफा रेटिंग’ची बेरीज ९०० च्या वर गेली की ट्रॉफी पक्की. तीन, प्री-सीझनच्या, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या, मॅचेसवरून सीझन कळतो. चार, टीमची सरासरी उंची सहा फूट हवी. ‘आणि पालकांनो, १४ व्या वर्षापर्यंत मुलगा ५ फूट ५ झाला नसेल तर वेळ आणि पैसा वाया घालवू नका.’ पाच, गोल करणारा विकत घेतला की गोलांचा प्रश्न मिटतो. सहा, सुपरस्टार जितके जास्त तितकी टीम भारी.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने माझी मिसळ खराब केली. बाबांनो, ते ‘फिफा रेटिंग’ फिफाचं नाही. फिफा ही जगभरच्या फुटबॉलची संघटना, ती क्रमवारी काढते ती देशांच्या संघांची. खेळाडूच्या नावापुढे ८७, ९१ असे जे आकडे दिसतात ते ईए स्पोर्ट्स या कंपनीच्या व्हिडिओ गेममधले, म्हणजे पोरं सोफ्यावर लोळत खेळतात तो गेम. आणि त्या गेमच्या नावातही आता फिफा उरलेलं नाही. दोघांचा करार संपला आणि २०२३ पासून गेम दुसऱ्या नावाने निघतो. तरी मेसेजमध्ये ‘अधिकृत’! बरं, आकडे अगदी अचूक धरले तरी बेरजेला जागा कळत नाही. अकरा चांगले गोलकीपर उभे केले तरी ९०० होतात. खेळा मग.

जागा म्हणजे काय ते मँचेस्टर सिटीला विचारा. सलग चार वर्षं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकलेली टीम. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉड्रीचा गुडघा गेला. अकरातला एक माणूस, बेरजेत नव्वदेक आकड्यांचा फरक, आणि त्याच्या जागी दुसरा घातला की फरक आणखी कमी. कागदावर काहीच बिघडलं नव्हतं. पण बचावासमोर उभं राहून खेळ हातात ठेवणारा तसा दुसरा त्यांच्याकडे नव्हता. सगळ्या स्पर्धा धरून सलग पाच मॅचेस हरले आणि सीझनअखेर तिसरे आले. त्याच ऑक्टोबरात रॉड्रीला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बॅलन डी’ऑर मिळालं, तेही कुबड्या घेऊन स्टेजवर जाऊन.

आता पैशाचं. इथे मला थोडं गिळावं लागणार आहे, कारण पहिलं सूत्र पूर्ण खोटं नाही. पैसेवाले क्लब वर राहतात, हे कोणी नाकारत नाही. पण कुठला पैसा? अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी १९७८ ते १९९७ या काळातले ४० इंग्लिश क्लब तपासले. ट्रान्सफरवर केलेल्या खर्चावरून क्लबांच्या क्रमांकातला फरक जेमतेम १६ टक्के उलगडत होता. पगारावरच्या खर्चावरून ९२ टक्के. या विषयावर एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा, कारण मिसळीच्या टेबलावरचे निम्मे वाद तिथेच संपतात.

कारण आपल्याकडे लहान पोरालाही समजेल असं आहे. ट्रान्सफरची किंमत म्हणजे त्या दिवशीचा लिलाव. लासलगावला सकाळी एक भाव निघतो, दुपारी दुसरा, कांदा तोच असतो. विकणाऱ्याला किती घाई आहे, घेणाऱ्याचा जीव किती वरखाली होतोय, खेळाडूच्या कराराची किती वर्षं उरलीत, एजंट किती चलाख आहे, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. पगार मात्र वर्षानुवर्षं द्यायचा असतो. चांगल्याला कमी दिला तर करार संपताच तो दुसरीकडे जातो, आणि वाईटाला जास्त देत राहिलं तर क्लबचं दिवाळं निघतं. त्यामुळे पगारात माणसाची खरी किंमत हळूहळू उतरते.

लिलावावर विसंबलं की काय होतं? चेल्सीने २०२२-२३ मध्ये खरेदी-विक्रीच्या दोन मुदतींत मिळून साठ कोटी पौंडांच्या आसपास उधळले. आले बारावे, ४४ गुणांवर. उलट लिव्हरपूलने २०२४-२५ च्या आधी लगेच खेळवण्यासाठी फक्त एक माणूस घेतला, कियेसा. तोही बराचसा बाकावर बसून राहिला, आणि लिव्हरपूल चॅम्पियन झालं. सूत्राप्रमाणे ते चॅम्पियन व्हायलाच नको होते.

छोट्या लेस्टरने २०१५-१६ ला प्रीमियर लीग जिंकली ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, लांबवत नाही. आपल्याकडची सांगतो, ती मिसळीच्या टेबलावर एकालाही माहीत नव्हती. ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीगमधून, खाली गेली. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतली म्हणून तिला परत घेतलं. कोच आणला खालिद जमील, जो त्याआधी बरीच वर्षं मुंबई एफसीत होता. त्याच्यासोबत जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीतलेच खेळाडू. पुढच्याच सीझनला, २०१६-१७ ला, ऐझॉल ३७ गुणांवर चॅम्पियन, मोहन बागान ३६ वर. आणि मुंबई एफसी? शेवटची. खाली गेली. ज्या माणसांना घेऊन मिझोरामच्या छोट्या क्लबाने लीग मारली ती मुंबईतच होती. खालिद जमील पुढे भारताचा कोच झाला. हे अपवाद आहेत, पगाराच्या नियमालाही अपवादच आहेत, मान्य. पण ‘सूत्र’ म्हणून फिरवायचं तर निदान एवढे तरी अपवाद खिशात ठेवावेत.

तिसरं, प्री-सीझन. त्या मॅचेस दौऱ्याच्या पैशासाठी आणि पाय मोकळे करण्यासाठी असतात. हाफ टाइमला अकराच्या अकरा बदलतात. अमेरिकेत हाताने जो फुटबॉल खेळतात त्यातली गंमत ऐका: डेट्रॉइट लायन्सने २००८ मध्ये प्री-सीझनच्या चारही मॅचेस जिंकल्या आणि खऱ्या सीझनच्या सोळाच्या सोळा हरले. पुढे.

पाचवं. चेल्सीने जानेवारी २०११ मध्ये पाच कोटी पौंड देऊन टोरेसला आणलं, गोल करणारा म्हणूनच. उरलेल्या सीझनमध्ये त्याने एक गोल केला. सहावं. पॅरिसच्या पीएसजी क्लबाकडे मेस्सी, नेमार, एमबापे तिघं एकत्र दोन सीझन होते, दोन्ही वेळा चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत शेवटच्या सोळातच घरी. तिघंही गेल्यावर, २०२५ मध्ये, फायनलला इंटर मिलानला ५-० ने हरवून कप घेतला. यावर आणखी बोलायची गरज नाही.

आता चौथं. बाकीची सूत्रं फक्त मूर्खपणाची आहेत, हे नीच आहे, कारण ते टीव्हीवरच्या टीमवर न थांबता थेट तुमच्या घरातल्या पोरावर येतं.

आधी जे खरं आहे ते देऊन टाकतो. गोलकीपर उंच असलेला बरा. कॉर्नरवर डोकं लावणारे दोन-तीन जण उंच हवेत. एवढंच. २००६ चा वर्ल्ड कप इटलीने जिंकला तेव्हा त्यांचा कॅप्टन कॅनाव्हारो बचावाच्या बरोब्बर मध्यावर खेळत होता, जिथे उंची सगळ्यात जास्त लागते असं म्हणतात. उंची ५ फूट ९. त्या वर्षीचं बॅलन डी’ऑर त्यालाच. मॅराडोना ५ फूट ५. कान्ते ५ फूट ६, लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या क्लबांकडून प्रीमियर लीग जिंकला. आपला छेत्री आणि मेस्सी, दोघंही ५ फूट ७ च्या आसपास. क्रोएशियाच्या मॉड्रिचला लहानपणी हायदुक स्प्लिट या क्लबाने ‘फारच किरकोळ’ म्हणून परत पाठवलं. २०१८ चं बॅलन डी’ऑर त्याच्या घरात आहे.

पण दाजी, तुमच्यासाठी ही नावं नाहीत. तुमच्यासाठी जेमी वार्डी आहे. शेफील्ड वेन्सडेने त्याला सोळाव्या वर्षी काढलं, अंगाने लहान आहे म्हणून. पुढची काही वर्षं तो छोट्या क्लबात आठवड्याला तीस पौंडांवर खेळला आणि दिवसा कारखान्यात राबला. पंचविसाव्या वर्षी लेस्टरला आला आणि २०१५-१६ च्या त्या सीझनमध्ये सलग अकरा मॅचेसमध्ये गोल मारले. त्याची आजची उंची ५ फूट १० आहे. म्हणजे ज्यांनी त्याला उंचीवरून काढलं त्यांची पट्टीही चुकली नव्हती. चुकलं ते मोजायचं वय.

आणि हे मी तुम्हाला सांगायला हवं का? तुमच्या खिशात द्राक्षाची साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. मण्याचा आकार बघून तुम्ही कधी साखर सांगत नाही, रस काचेवर टाकून बघता. आणि मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे तो मऊ पडून गोड व्हायच्या, आधी कोणी व्यापारी हिरवा कडक मणी चावून ‘बाग आंबट आहे हो’ म्हणाला, तर त्याला तुम्ही बांधावरूनच परत पाठवाल. पोरांचंही पाणी उतरायचं असतं. कोणाचं बाराव्या वर्षी, कोणाचं पंधराव्या. त्या दोघांना एका मैदानावर उभं केलं की आधी वाढलेला ‘टॅलेंटेड’ दिसतो आणि दुसरा ‘किरकोळ’. त्यात वयोगट जानेवारीपासून धरला तर डिसेंबरचं पोर जानेवारीच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असतं. आपलं पोर डिसेंबरचं आहे, हे ताईला आठवत असेल, तुम्हाला नसेल. इंग्लंडच्या अकॅडम्यांना हे कळलं म्हणून त्यांनी वयाऐवजी शरीराच्या वाढीचा टप्पा बघून मुलांचे गट पाडायचे प्रयोग केले. तेच युरोपातले स्काउट, ज्यांच्या नावावर हा मेसेज फिरतोय.

मेसेज कोणी लिहिला ते मला ठाऊक नाही. टर्फवरच्या एका कोचनेही तो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, ‘मस्ट रीड’ लिहून. त्यांना मी फोन केला. म्हणाले, आला तसा पाठवला.

त्या दिवशी दिंडोरीहून निघण्याआधी भाच्याला ओसरीवर बसवलं. पावसामुळे पोरगं घरीच होतं. पॅकिंगच्या खोलीतून द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला आणि म्हटलं, टीमचं टॅलेंट बघायचंय ना, मग नीट बघू. तुझी टीम घे. मैदान काढ, अकरा जागा मांड, प्रत्येक जागेखाली दोन नावं लिही: आज कोण खेळेल, आणि तो नसला तर कोण. गेल्या सीझनला जो दुखापतीने निम्म्या मॅचेसना नव्हता त्याच्याभोवती गोल कर. उंची लिहायची नाही, रेटिंग लिहायचं नाही. कुठल्याही क्लबाचं असंच बघायचं असतं, चेल्सी असो की गंगापूर रोड.

अर्धा तास लागला. गोलकीपरखाली दोन नावं. मधल्या फळीत तर तीन-तीन, सगळ्यांना तिथेच खेळायचंय. उजव्या बाजूला एक गोल, त्या पोराचा घोटा सारखा मुरगळतो. लेफ्ट बॅकपाशी, म्हणजे बचावातल्या डाव्या जागेपाशी, येऊन पेन थांबलं. डाव्या पायाने खेळणारा टीममध्ये एकच आहे. त्याने स्वतःचं नाव लिहिलं, खालची जागा रिकामी ठेवली, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग विचारलं, “मामा, मला ताप आला तर?”