व्याजाला मर्यादा घातली तर अडलेल्याने जायचं कुठे?

नमस्कार. छोट्या महागड्या कर्जांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं असं की व्याजाला कायद्याने मर्यादा घातली की परवानाधारक संस्था छोटी कर्जं बंद करतात आणि अडलेला माणूस गुंड सावकाराच्या दारात जातो. त्यापेक्षा लोकांना आर्थिक साक्षर करावं.

तुमची भीती निराधार नाही, पण ती तपासली गेली आहे. ब्रिटनने जानेवारी २०१५ पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर दिवसाला ०.८ टक्क्यांची मर्यादा घातली. शिवाय व्याज आणि सगळे आकार मिळून मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असंही ठरवलं. (आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम याच जातीचा.) २०१७ मध्ये तिथल्या वित्तीय नियामकाने फेरआढावा घेतला. कर्ज नाकारलेले लोक बेकायदा सावकारांकडे वळले, असा पुरावा त्यात आढळला नाही. कर्जं कमी झाली, हे खरं. पण न फेडता येणारं कर्ज मिळालं नाही, याला मी नुकसान म्हणणार नाही.

माझा मूळ मुद्दा मात्र दराचा नव्हताच. कर्जदाराला फेडता आलं नाही तर तोटा कुणाचा होतो, हा होता. महिना दहा टक्क्यांनी दहा हजार घेतलेला माणूस नुसतं व्याज भरत राहिला, तर दहा महिन्यांत दहा हजार देऊन बसतो आणि मुद्दल जिथल्या तिथे. असा माणूस देणाऱ्याला परवडतो. वेळेत फेडून मोकळा होणारा नाही. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाला २०१४ मध्ये आढळलं की पुढच्या पगारावर फेडायच्या छोट्या उचलीची (पे-डे लोन) ८० टक्क्यांहून अधिक कर्जं १४ दिवसांच्या आत पुढे ढकलली जातात किंवा त्यांच्या पाठोपाठ नवं कर्ज घेतलं जातं. म्हणून मुदत किती वेळा वाढवता येईल यावर बंधन हवं. उत्पन्न न पाहता कर्ज दिलं असेल, तर वसुलीचा हक्कही कमी व्हावा.

साक्षरतेला माझा विरोध नाही. ‘सरळ १२ टक्के’ दराचं (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावणारं), मासिक हप्त्यांनी वर्षभरात फेडायचं कर्ज घटत्या शिलकीवर, म्हणजे प्रत्येक हप्त्यानंतर उरलेल्या मुद्दलावर, मोजलं तर जवळपास साडेएकवीस टक्क्यांना पडतं, हे कळलंच पाहिजे. पण रात्री दवाखान्यात पैसे भरायचे असतील, तर हे गणित येऊनही माणूस सही करतो.

तेव्हा पर्याय हवाच, इथे आपलं एकमत आहे. २०१० पासून अमेरिकेतल्या सहकारी पतसंस्था २०० ते १००० डॉलरची कर्जं एक ते सहा महिन्यांसाठी, कमाल २८ टक्के वार्षिक व्याजाने देऊ शकतात. अर्जाचं शुल्क फार तर २० डॉलर. म्हणजे मर्यादा आणि छोटं कर्ज एकत्र नांदू शकतात. फक्त त्यातून गडगंज नफा निघत नाही, म्हणून ते सभासदांच्या मालकीच्या संस्थेनेच करावं लागतं.

राहिला गुंड सावकार. त्याला व्याजाचा कायदा रोखत नाही, कबूल. तिथे तक्रारदाराला संरक्षण देणारं वेगळं पथक लागतं. इंग्लंडमध्ये २००४ साली बर्मिंगहॅमपासून असं पथक सुरू झालं, आणि २०१७ पासून त्याचा खर्च परवानाधारक कर्जसंस्थांवरच्या आकारणीतून निघतो. तुमच्या प्रतिक्रियेत या पथकासारख्या उपायाचा उल्लेखच नाही. त्यावर तुमचं काय म्हणणं आहे?