फ्लॅमेन्को म्हणजे कथक नाही आणि अख्खा स्पेन फ्लॅमेन्को नाचतही नाही

"स्पेनचं लोकनृत्य फ्लॅमेन्को हे मुळात आपलं कथकच, जिप्सींनी राजस्थानातून नेलेलं. ताल तोच, पदन्यास तोच, कॅस्टनेट म्हणजे घुंगरू, आणि सगळा स्पेन हेच नाचतो." हा फॉरवर्ड मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि कथक शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवला. म्हणून लिहितेय, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडत पण नाही.

त्यात खरं आहे तेवढं मान्य करते. रोमा लोकांचे, म्हणजे फॉरवर्डमधल्या जिप्सींचे, पूर्वज भारतातून गेले आणि त्यांची भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली, यात वाद नाही. पण ते निघाले साधारण हजार वर्षांपूर्वी, स्पेनमधली त्यांची पहिली नोंद १४२५ ची, आणि आज आपण ज्याला कथक म्हणतो ते लखनौ-जयपूरच्या दरबारांत घडलं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. मग त्यांनी सोबत नेलं ते कथक कुठलं?

ताल तोच म्हणे! तीनताल १६ मात्रांचा. फ्लॅमेन्कोमधल्या सोलेआ नावाच्या प्रकाराचं आवर्तन १२ चं आणि त्यात जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. भाचीला टाळ्यांवर करून दाखवलं तर तिला सम कुठे धरायची तेच कळेना. पाय आपटतात दोन्हीकडे, पण तिकडे खिळे ठोकलेले बूट घालून आणि इकडे अनवाणी घुंगरू बांधून. आणि कॅस्टनेट म्हणजे बोटांत अडकवायच्या छोट्या लाकडी वाट्या, हातात धरून वाजवतात हो, आणि बऱ्याच फ्लॅमेन्कोत ते नसतातच, नुसत्या टाळ्या, गिटार आणि सगळ्यात आधी गाणं.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की असं म्हणताना आपण खितानोंचं, म्हणजे स्पेनच्या रोमांचं, श्रेय सरळ आपल्या नावावर करतो. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध एकामागून एक कायदे झाले, १७४९ मध्ये तर राजाच्या हुकुमाने देशभरातून हजारो खितानो पकडले, बायका-पुरुष वेगळे करून डांबले, आणि त्याच लोकांनी दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसियातल्या बाकीच्यांसोबत कादिस, खेरेस, सेव्हिलच्या वस्त्यांमधून ही कला उभी केली. युनेस्कोने २०१० मध्ये फ्लॅमेन्को अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा अँडालुसिया हे त्याचं केंद्र, मुळं शेजारच्या मुर्सिया-एक्स्त्रेमादुरातही, आणि खितानोंचा वाटा मोलाचा, असं स्वच्छ लिहिलंय. शोधायला दोन मिनिटं लागतात.

राहिला "सगळा स्पेन". लावणी बघून अख्खा भारत लावणी करतो म्हणण्यातला प्रकार. स्पेनच्याच आरागॉनमध्ये खोता नावाचा नाच, उड्या मारत, इथे मात्र कॅस्टनेट खणखणीत. कॅटलोनियात सार्दाना, हातात हात धरून गोल, पावलं मोजत, सोबत कोब्ला म्हणजे ११ वादकांचा ताफा, त्यात सनईसारखं खणखणीत तेनोरा. गॅलिसियात मुन्येइरा, ६/८ च्या लयीत, गाइता नावाच्या बॅगपाइपवर, आणि स्पेनमध्ये बॅगपाइप तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातल्या चित्रांत सुद्धा आहेत. फ्लॅमेन्को म्हणजेच स्पेन हे चित्र जगभर पसरवण्यात हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या टुरिझमच्या जाहिरातींचा मोठा हात.

मावशी, पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी यूट्यूबवर खोता आणि सार्दाना लागोपाठ बघ. भाचीचं प्रोजेक्ट आम्ही पुन्हा लिहायला घेतलंय, खितानोंचं पान तिने स्वतःहून वाढवलंय.