पुन्हा विचाराल तर आब जाईल

गोव्याच्या आकाशात गर्दी फार वाढली आहे. दाबोळी विमानतळ हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथला कंट्रोल टॉवरही नौदलाच्याच हाती. धावपट्टी एकच, आणि तिच्यावर मिग, हेलिकॉप्टरं, मुंबई-दिल्लीची विमानं, सगळ्यांचा हक्क. त्यात जानेवारी २०२३ पासून पेडण्यात मोपा विमानतळही सुरू झाला. एवढ्याशा राज्याच्या डोक्यावरची ही सगळी वर्दळ रेडिओवरच्या बोलण्यावर चालते. तेव्हा तुमच्या घरचं कोणी पायलट किंवा कंट्रोलर (टॉवरमधून विमानांना वाट सांगणारा) व्हायला निघालं असेल, तर हे बोलणं कसं असावं ते त्याला वेळीच शिकवा.

मुख्य गोष्ट, पुन्हा विचारायचं नाही. त्या क्षेत्रात रीडबॅक नावाचं एक खूळ आहे. कंट्रोलरने उंची, दिशा, धावपट्टी जे काही सांगितलं, ते पायलटने आकड्यांसकट परत म्हणून दाखवायचं, आणि कंट्रोलरनेही ते कान देऊन ऐकायचं. हजारो तास विमान उडवलेल्या माणसाला हे शोभतं का? त्याने फक्त "ओके" म्हणावं. आकडा म्हणायचाच झाला, तर पहिला जो कानावर पडेल तो. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ एका मालवाहू ७४७ ला "टू फोर झीरो झीरो", म्हणजे २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं होतं. पायलट म्हणाला, "ओके, फोर झीरो झीरो", म्हणजे ४००. कंट्रोलरने हटकलं नाही. कोणी कोणाचा आब घालवला नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले, पण संभाषण अगदी सभ्य झालं.

हाताखालच्यांनी तर तोंडच उघडू नये. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात केएलएम या डच कंपनीचं जंबो धावपट्टीवर दौडू लागलं, तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन कंपनीतले नावाजलेले प्रशिक्षक. ते ठासून "हो" म्हणाले. झालं! एवढ्या मोठ्या माणसाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा कोण विचारणार? दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली.

टेनेरिफचा आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. टॉवर म्हणत होता, थांबा, मी सांगतो. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाले म्हणत होते, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एका फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याला शिट्टीसारखा आवाज तेवढा येतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये नेमका तोच आला. ही कला आपल्याला शिकवावी लागत नाही. आपल्या कुठल्याही ग्रामसभेत सरपंच, सचिव आणि मागच्या बाकावरचे पाचजण एकाच दमात बोलतात, आणि ठराव संमत होतो. आकाशात तेवढं चालू करायचं बाकी आहे.

यंत्रांचं ऐकू नका. दोन विमानं फार जवळ आली की टीकॅस नावाचं यंत्र एकाला "क्लाइम्ब" आणि दुसऱ्याला "डिसेंड" असं ओरडून सांगतं. ती दोन यंत्रं आपसात ठरवूनच बोलतात. नियम असा की तेव्हा कंट्रोलर काहीही म्हणो, यंत्राचं ऐकायचं. माणसापेक्षा यंत्र मोठं? १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर रशियन पायलटांनी माणसाचा मान राखला. यंत्र वर जा म्हणत असताना ते कंट्रोलरच्या शब्दाखातर खाली गेले. समोरचं मालवाहू विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. ७१ जण. तो कंट्रोलर त्या रात्री एकटाच दोन टेबलं सांभाळत होता, जोडीदार विश्रांतीला गेला होता. काटकसर म्हणतात ती हीच.

आता तुम्ही नुसते प्रवासी असाल, तर तुमचंही काम आहे. चतुर्थीला घरी निघालात, चाकं खाली आली, माडांचे शेंडे दिसायला लागले, मांडीवरची मिठाईची पिशवी तुम्ही घट्ट धरलीत, आणि एकदम इंजिनं गर्जून विमान परत वर. शेजारचे काका म्हणतील, "कितें जालें रे? पायलट नवो आसा मरे!" लगेच माना. पुढचं विमान धावपट्टीवरून हललं नसेल, म्हणून याने शहाणपणा केला, असली शंकासुद्धा घेऊ नका. व्हिडिओ काढा, "थोडक्यात बचावलो" लिहून सगळ्या ग्रुपवर टाका. (नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर कुत्रा आला. टॉवरने जरा थांबा म्हटलं, तर विमान सरळ बेंगळुरूला परत गेलं. त्या कुत्र्याला मात्र कोणी नवा म्हटलं नाही.)

आणि एवढं करूनही कधी दोन विमानं खरंच एकमेकांच्या अंगावरून गेलीच, तर घरच्या पायलटाला सांगा, अहवाल देऊ नकोस. आदळली नाहीत ना? मग लिहायचं काय? उगाच चौकशी लागते, टेप ऐकतात, कोण काय बोललं ते सेकंदासकट काढतात. लिहावंच लागलं तर दोन विमानांत किती अंतर होतं ते विचारतील. तिथे "पुरेसं" लिहायचं आणि खाली सही करायची.