काळ्या सुटाला बो लावला म्हणजे टक्सिडो होत नाही

लग्नसराई जवळ आली तसा सोलापुरात एक मेसेज फिरतोय: 'काळा सूट घ्या, बो लावा, काळा बेल्ट बांधा, झाला टक्सिडो. मुहूर्तालाही चालतो.' यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे. पहिल्यांदाच घेणाऱ्या पोरांचे पैसे यापायी वाया जाऊ नयेत, म्हणून हा खुलासा.

टक्सिडो म्हणजे समारंभाचा पाश्चात्य सूट. साध्या सुटाशी त्याचा फरक कापडात आहे. टक्सिडोच्या लॅपलवर, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कॉलरच्या पट्टीवर, सॅटिन किंवा बारीक रेघांचं रेशमी ग्रोग्रेन असतं. दुकानात अंगठा फिरवून बघा. कोटाच्या लोकरीवर तो जरा अडतो, सॅटिनवर सरकतो. पँटच्या बाजूच्या शिवणीवर तसलीच पट्टी असते. आणि बेल्टचे लूप नसतातच, त्यामुळे बेल्टचा प्रश्नच येत नाही. पँट गॅलिसवर किंवा कमरेच्या बकलांवर टिकते. कमरबंद, म्हणजे कमरेचा चुण्यांचा रुंद पट्टा, बांधलात तर चुण्यांची तोंडं वर.

हा पोशाख संध्याकाळचा, रिवाजाने सहानंतरचा. म्हणजे रिसेप्शनला घाला. मुहूर्त दुपारचा असेल तर साधा सूट किंवा शेरवानी बरी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पॉलिस्टर टाळा, हलकी लोकर घ्या.

खांदे आधी तपासा. बाही, कंबर, पँटची उंची आपला टेलर नीट करून देईल, पण खांदा उसवून बसवणं खर्चाचं आणि बेभरवशाचं काम. घालण्याआधी कोटाच्या मागच्या चिरेवरची फुलीसारखी कच्ची टीप आणि बाहीवरचं लेबल तेवढं काढा.