माझा पराभव मला लिहू द्या

मंडळी, आमच्या राष्ट्रउभारणीच्या गेमच्या नव्या नियमावलीवर उद्या मतदान आहे. दोन मसुदे समोर आहेत. एक चौतीस पानांचा, एक्सेलच्या तक्त्यांसकट: रणगाड्याला किती गुण, विमानाला किती, पाऊस असेल तर किती वजा. दुसरा माझा, दीड पानाचा. ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं, "ताई, एवढ्यात कसं भागणार?" त्याचं उत्तर नीट द्यावं म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, पण मतदानाआधी वाचा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाने एक काल्पनिक देश घ्यायचा. त्याचा नकाशा, कर, पिकं, निवडणुका, शेजाऱ्यांशी तह आणि भांडणं हे सगळं लिहून खेळायचं. मी यात आले ते नेशनस्टेट्समुळे. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरीने नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू केलेला हा गेम आजही चालू आहे. तिथे तुम्हाला ५० लाख लोकसंख्येचा देश मिळतो, रोज काही पेचप्रसंग समोर येतात, तुम्ही निर्णय घेता आणि देश बदलत जातो. पण तिथे युद्धाचं बटण नाही. कुणी कुणावर हल्ला केला तर तो दोघांनी मिळून लिहायचा. जिंकलं कोण, हे कॉम्प्युटर सांगत नाही. म्हणजे तिथलं युद्ध खेळाडूंच्या समजूतदारपणावरच चालतं.

आमच्या ग्रुपमध्ये माझा देश मिठागर. माझे आजोबा उरणला मिठाच्या आगरावर होते, त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं मी त्यात घातलं. तीन महिने मी फक्त किनारा लिहीत होते. खारबंदिस्ती, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारा बांध, कुठून कुठवर, मुकादम किती वाजता येतो, पोत्यामागे काय दर. एका रात्री भाकऱ्या थापत होते, मोबाईल ओट्यावर होता. पावणेबाराला शेजारच्या देशाची पोस्ट आली: "आमच्या नौदलाने बंदर घेतलं. तुमचं सैन्य पळालं. तुमच्या राष्ट्राध्यक्ष शरण आल्या." तीन वाक्यं. राष्ट्राध्यक्ष मी होते आणि मी शरण आले आहे, हे मला त्याच्याकडून कळलं.

याला गॉडमॉडिंग म्हणतात. दुसऱ्याच्या देशात काय घडलं हे आपणच परस्पर ठरवून टाकायचं. माझ्या दीड पानातला पहिला नियम याच्याविरुद्ध आहे: तुम्ही फक्त तुमचा देश लिहायचा. तोफ डागली इथवर तुमचं. गोळा कुठे पडला, किती माणसं गेली, हे ज्याच्यावर पडला तो लिहील.

लगेच प्रश्न येतो, मग कुणी हरायलाच तयार झालं नाही तर? चौतीस पानांचा मसुदा याच भीतीतून आला आहे आणि ती भीती मी समजू शकते. पण हा वाद आपला नाही, फार जुना आहे. १८२४ मध्ये रायस्वित्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटने आपला युद्धखेळ सेनाप्रमुखांपुढे मांडला. त्यात मोजून काढलेले नकाशे होते, फासे होते, नुकसानीचे तक्ते होते आणि मध्ये एक पंच होता. पुढच्या पन्नास वर्षांत त्या तक्त्यांचं इतकं ओझं झालं की खेळ पुढे सरकेना. १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने फासे आणि तक्ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि सगळं पंचाच्या अनुभवावर सोपवलं. ज्यांचा पेशाच लढाईचा होता त्यांनाही तक्त्यांचा कंटाळा आला. आपल्याकडे रणांगण पाहिलेला पंच नाही, म्हणून परिणाम लिहायचा हक्क ज्याचं नुकसान होतंय त्याला द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

आणि माणसं हरतात हो. मान ठेवला तर हरतात. मागच्या वर्षी मीच नांदेडच्या एका मुलाच्या देशावर चाल केली. मी एवढंच लिहिलं की आमचं सैन्य पहाटे नदीच्या पुलापाशी पोहोचलं. त्याने उत्तर दिलं, "पूल आमच्याच माणसांनी उडवला. पलीकडे अडकलेल्यांत राष्ट्राध्यक्षांचा धाकटा भाऊ होता." कुणी सांगितलं होतं त्याला भाऊ गमवायला? कुठल्या तक्त्यात हे बसलं असतं? ते युद्ध आम्ही पुढे पाच आठवडे लिहिलं. ग्रुपवर अजून त्याचा विषय निघतो.

आकड्यांचा मात्र एक नियम हवाच. ५० लाखांच्या देशाने दहा लाखांची फौज उभी केल्याचं आपण पाहिलं आहे. म्हणजे लहान मुलं-म्हातारी धरून दर पाचांतला एक जण बंदूक घेऊन उभा. मग एसटी कोण चालवणार, भात कोण लावणार? भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर आणि खडं सैन्य साधारण १४ लाख, म्हणजे हजारी एक. त्या हिशेबाने आपल्या ५० लाखांना पाच हजार पुरतात. मी सैल धरलं आहे: शांततेत एक टक्का, युद्धात फार तर पाच, आणि पाचापर्यंत गेलात तर शेती-कारखाने कसे बसले तेही लिहायचं.

गैरहजेरीचं मला सगळ्यात जास्त लागलं आहे. आपला एक खेळाडू बारावीच्या परीक्षेसाठी दोन महिने गेला. परत आला तेव्हा तीन शेजाऱ्यांनी त्याचा देश वाटून घेतला होता. तो पुन्हा खेळलाच नाही. नेशनस्टेट्सवर २८ दिवस फिरकलं नाही तर देश बंद होतो, पण रजा नोंदवून ठेवली तर ६० दिवस मिळतात. आपणही तसंच करू. रजा सांगितली की सीमा गोठल्या. आणि रजा नसेल तरी हल्ल्याला उत्तर द्यायला ७२ तास.

बाकी कंसाचा नियम तुम्हाला माहीत आहे. खेळातलं साधं लिहायचं, खेळाबाहेरचं दुहेरी कंसात. कंसात वाचलेलं आपल्या राष्ट्राध्यक्षाला माहीत नसतं. मी कंसात सहज म्हटलं की आमच्या बोटी दुरुस्तीला गेल्या आहेत, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गुप्तहेराला नेमकं तेच कळलं. असं करू नका. मैत्रीत बोललेलं वापरलं की मैत्रीत बोलणंच बंद होतं. आपल्यातल्या दोघांचं झालं आहे.

बुधवारी रात्री मिठागरवर पुन्हा हल्ला झाला. या वेळच्या खेळाडूने लिहिलं आहे, "उधाणाच्या वेळी आमच्या तीन बोटी खारबंदिस्तीवर तोफा डागतात." तेवढंच. बांध राहिला की गेला हे त्याने माझ्यावर सोडलं आहे.

बांध गेला आहे. पश्चिमेची सगळी आगरं पाण्याखाली आहेत, मार्चची रचून ठेवलेली मिठाची रास विरघळली आहे. माझ्याच मसुद्यातले ७२ तास आज रात्री संपतात, त्याआधी लिहून पाठवायचं आहे. मुकादम त्या वेळी बांधावर होता की घरी, एवढं अजून ठरत नाहीये.